फुलर्टनचा रेडिओवाला

१९६५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने कॅलिफोर्नियातला गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवणारा एक कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. विकणारे गृहस्थ ५५ वर्षांचे होते. कारखाना तोट्यात नव्हता. उलट मागणी पुरी करताना कामगारांची दमछाक होत होती. तरीही मालकाने विकायचे ठरवले, कारण आपण आता फार दिवसांचे सोबती नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. सुमारे दहा वर्षे नाकाशेजारच्या हाडांच्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, ठाण मांडून बसलेला जंतुसंसर्ग काही केल्या हटत नव्हता. व्यवहार झाला, सह्या झाल्या. त्यानंतर डॉक्टर बदलले, उपचार बदलले आणि ते खडखडीत बरे झाले. पुढे ते आणखी २६ वर्षे जगले.

त्यांचे नाव क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर. जग त्यांना लिओ फेंडर म्हणून ओळखते. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटारींमुळे ते प्रसिद्ध झाले, पण त्यांची सुरुवात गिटारपासून झाली नव्हती. ती झाली रेडिओच्या व्हॉल्व्हपासून. विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारी व्हॉल्व्हची पेटी कशी असावी, ती बिघडली तर कशी उघडावी आणि तिच्यातून हवा तो आवाज कसा काढावा, या तिन्ही गोष्टींवर या माणसाचा ठसा आजही आहे.

बागेतला मुलगा

लिओ यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. दक्षिण कॅलिफोर्नियात अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधे त्यांच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. घर अजून उभे राहायचे होते, त्यामुळे मुलगा जन्मला तो बागेतल्या कोठारात. आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला.

एका डोळ्याने पाहणाऱ्या माणसाला अंतराचा अंदाज वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि मेंदू त्या फरकातून खोली मोजतो. एक डोळा गेला की ही सोय जाते. मग वस्तूचा आकार, सावली, एकाने दुसऱ्याला झाकणे, मान हलवल्यावर जवळची वस्तू अधिक सरकल्यासारखी दिसणे, अशा खुणांवर काम चालवावे लागते. लहान वयात मेंदू हे चटकन शिकतो. लिओ पुढे आयुष्यभर बारीक तारांचे सोल्डरिंग करत राहिले आणि छायाचित्रणाचा छंदही त्यांनी जोपासला. काचेच्या डोळ्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. बरोबरीचे तरुण आघाडीवर असताना ते आपल्या दुकानात रेडिओ दुरुस्त करत होते.

रेडिओचे वेड मात्र आधीचे. लिओ यांचे एक नातेवाईक सांता मारिया गावी मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवत. १९२२ मध्ये त्यांनी लिओ यांना रेडिओच्या सुट्या भागांची पेटी पाठवली. पुढे लिओ त्यांच्या दुकानी गेले तेव्हा सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ दारात ठेवलेला होता आणि त्याच्या कर्ण्यातून मोठ्याने संगीत वाजत होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात ते कायमचे घर करून राहिले.

तरीही शिक्षण घेतले ते हिशेबनिसाचे. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही अभ्यासक्रम त्यांनी कधी केला नाही. सगळे स्वतः उघडून, जोडून, बिघडवून शिकले. एका बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत त्यांनी आधी माल पोहोचवण्याचे आणि मग खतावणीचे काम केले. त्याच सुमारास नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने त्यांच्याकडून सहा लाउडस्पीकर संच बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थर क्लॉस्की यांच्याशी लग्न झाले. मग महामंदीचा तडाखा बसला. सरकारी रस्तेबांधणी खात्यातली हिशेबनिसाची नोकरी गेली, टायर कंपनीतली पुढची नोकरीही सहा महिन्यांत गेली. १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन पतिपत्नी फुलर्टनला परतले आणि त्यांनी ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुरुस्तीचे दुकान उघडले.

दुरुस्तीवाल्याची नजर

या दुकानात लिओ यांचे खरे शिक्षण झाले. गावातले लोक रेडिओ आणत, वादक आपले लाउडस्पीकर, गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आणत. रोज कोणाची तरी पेटी उघडायची आणि ती का बंद पडली ते शोधायचे. एकच भाग शंभर पेट्यांत जळालेला दिसला की तो भाग तिथे नको होता, हे आपोआप कळते. कोणती जोडणी धक्क्याने सुटते, कोणता कपॅसिटर उष्णतेने आटतो, कोणता ट्रान्सफॉर्मर कमी पडतो, याची नोंद त्यांच्या डोक्यात तयार होत गेली.

दुकानात येणाऱ्या वादकांपैकी एक होते डॉक कॉफमन. दोघांनी मिळून १९४५ मध्ये ‘के अँड एफ’ नावाने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि छोटे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. १९४६ मध्ये कॉफमन बाजूला झाले आणि लिओ यांनी एकट्याने ‘फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी’ उभी केली. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची होती. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करत. घर त्या पगारावर चालत होते.

या पेट्यांच्या पोटात जे चालते ते समजून घेण्यासारखे आहे. ज्यांच्या घरी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण दाबल्यावर आवाज लगेच येत नसे. आधी काचेच्या नळ्यांत केशरी उजेड दिसे, मग थोड्या वेळाने खरखर आणि मग आवाज. तो उजेड म्हणजे तापलेली तार. निर्वात काचेच्या नळीत धातूचा एक भाग तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोर धन दाबाची पट्टी असली की ते तिकडे धावतात. ब्रिटनमधले जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये अशी दोन टोकांची नळी वापरात आणली. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्ट यांनी दोहोंच्या मधे तारेची एक जाळी बसवली. या जाळीवर ऋण दाब वाढला की इलेक्ट्रॉन अडतात, कमी झाला की सुटतात. पाण्याच्या मोठ्या नळाची तोटी बोटाने फिरवावी तसे जाळीवरचा बारीकसा बदल पलीकडच्या मोठ्या प्रवाहाला हलवतो. यालाच विवर्धन म्हणतात.

गिटारच्या तारेखालचे चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे मिळून जो संकेत तयार करतात तो साधारणपणे एक व्होल्टही नसतो. पहिल्या छोट्या नळ्या तो वाढवतात. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी १२एएक्स७ ही नळी कागदावर शंभरपट विवर्धन देते. मग ६व्ही६ किंवा ६एल६ यांसारख्या मोठ्या नळ्या त्या संकेताला ताकद देतात आणि ट्रान्सफॉर्मरमधून ती ताकद स्पीकरला मिळते. या मोठ्या नळ्यांना ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो.

लिओ यांनी हे तंत्र शोधले नव्हते. नळ्या बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्या वापराची मूळ आराखडी छापून देत, त्यावरूनच त्यांनी सुरुवात केली. त्यांचे वैशिष्ट्य मांडणीत होते. फायबरच्या पट्टीवर ओळीने छिद्रे, त्यांत सुटे भाग, वरून सरळ दिसणाऱ्या जोडण्या. पेटीच्या आत एक छापील कागद चिकटवलेला असे आणि त्यावर कोणत्या खोबणीत कोणती नळी बसते ते लिहिलेले असे. मागची फळी काही स्क्रू काढले की निघे. ज्याने हा अ‍ॅम्प्लिफायर पूर्वी कधी पाहिला नाही अशा गावच्या रेडिओ मेकॅनिकलाही तो दुरुस्त करता यावा, हा त्यामागचा हिशेब होता.

एक पेटी, दोन वाटा

फेंडर यांच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरना दोन वाटा असत. वादकांच्या भाषेत त्यांना चॅनेल म्हणतात. १९५० च्या दशकात यामागचा विचार अगदी व्यवहारी होता. छोट्या वाद्यवृंदाकडे एकच अ‍ॅम्प्लिफायर असे. एका वाटेत गिटार लावायची, दुसरीत मायक्रोफोन. प्रत्येक वाटेला तिची पहिली नळी आणि आवाजाचा नॉब वेगळा, पुढची यंत्रणा सामाईक. ‘डिलक्स’ या छोट्या पेटीत तर या दोन नॉबचा एकमेकांवर परिणाम होई. न वापरलेल्या वाटेचा नॉब फिरवला तरी वापरातल्या वाटेचा आवाज बदले. हा मांडणीतला दोष मानावा असा भाग. वादकांनी मात्र त्याचाही उपयोग करून घेतला आणि आजही करतात.

१९६० च्या सुमारास एका वाटेला आवाज लाटेसारखा कमीजास्त करणारी सोय आली. १९६३ पासून स्प्रिंगमधून आवाज फिरवून मोठ्या दालनासारखा घुमारा देणारी रिव्हर्बची सोयही पेटीतच बसू लागली. ‘डिलक्स रिव्हर्ब’ सुमारे २२ वॉटचा आणि ‘ट्विन रिव्हर्ब’ सुमारे ८५ वॉटचा. आकडे पाहून दुसरा चौपट मोठ्याने वाजत असेल असे वाटते. कानाचा हिशेब तसा नसतो. ताकद दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. म्हणजे या दोन पेट्यांत फरक पडतो तो जेमतेम ६ डेसिबलचा. मोठ्या पेटीची खरी जमेची बाजू वेगळी आहे: बराच मोठा आवाज होईपर्यंत ती स्वच्छ वाजते.

लिओ यांना हवा होता तो असाच स्वच्छ, खणखणीत आवाज. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. लहानपणी पियानो आणि सॅक्सोफोन शिकले होते तेवढेच. त्यामुळे ते वादकांवर अवलंबून राहिले. नवी पेटी तयार झाली की ती कार्यक्रमात वाजवायला द्यायची, काय बिघडले, काय आवडले नाही ते ऐकायचे आणि पुन्हा कारखान्यात नेऊन बदल करायचे. डिक डेल हे गिटारवादक इतक्या जोरात वाजवत की अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जळत. लिओ यांनी त्यांना थांबवले नाही. त्यांच्यासाठी अधिक दणकट ट्रान्सफॉर्मर आणि १५ इंची स्पीकरची पेटी तयार केली. ‘शोमन’ हा अ‍ॅम्प्लिफायर त्यातून घडला.

पण विज्ञानाने इथे एक गंमत केली. नळीला तिच्या ताकदीपलीकडे वाजवले की लाटेची टोके दबतात. आवाजात मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर मिसळतात. नळ्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे एकदम होत नाही, हळूहळू चढत जाते, म्हणून ते कानाला खुपण्याऐवजी भरदार वाटते. लिओ यांच्या दृष्टीने ही विकृती होती आणि ती कमी करण्यासाठी त्यांनी वर्षे घालवली. रॉक संगीतातल्या तरुणांना नेमकी तीच हवी होती. लंडनमध्ये दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी बालपणाची अनेक वर्षे हाडांच्या क्षयामुळे प्लास्टरमध्ये काढली होती. १९६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेंडर यांच्या ‘बासमन’ची मांडणी समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला. कॅलिफोर्नियातच रँडल स्मिथ यांनी फेंडर यांच्या ‘प्रिन्स्टन’ या छोट्या पेटीत मोठे ट्रान्सफॉर्मर आणि मोठा स्पीकर बसवला आणि त्यातून मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली. त्यांनी विवर्धनाची एक जादा पायरी घातली. मग एका वाटेत स्वच्छ आवाज, दुसरीत भरलेला आणि दोहोंत ये-जा पायाने बटण दाबून, अशी पेटी आली. आज अनेक चॅनेलचे जे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर मिळतात, त्यांची वंशावळ फुलर्टनच्या त्या दुकानापाशी जाते.

आवाज बसवण्याचे शास्त्र

अशा पेटीतून आवाज बसवताना नवशिक्यांची एक चूक हटकून होते. मंद्र, मध्य आणि तार सप्तकांचे नॉब म्हणजे तितका आवाज वाढवण्याची साधने, अशी समजूत असते. फेंडर पद्धतीच्या मांडणीत हे नॉब काहीच वाढवत नाहीत, फक्त कमी करतात. तिन्ही शून्यावर नेले तर आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. शिवाय तिन्ही मधोमध ठेवले तरी मधले स्वर मुळात दबलेलेच असतात. म्हणून आधी आवाजाची पातळी ठरवायची, मग एकेक नॉब थोडा थोडा फिरवायचा. अनेक चॅनेल असतील तर आधी स्वच्छ वाट बसवायची आणि तिच्या मापाने दुसरीचा आवाज जुळवायचा.

घरी बसवलेला आवाज मंचावर बिघडतो, त्यालाही कारण आहे. हार्वी फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते पुढे येतात. रात्री शेजाऱ्यांना सांभाळून बसवलेला भरदार नाद मंचावर घुमघुम होतो. नॉबच्या जागा कागदावर लिहून नेण्यापेक्षा जागेवर जाऊन कानाने ठरवावे लागते.

कान सांभाळणे हाही याच कामाचा भाग आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. ट्विन रिव्हर्बसमोर उभ्या असलेल्या वादकाला ही पातळी सहज गाठता येते. प्रत्येक कानाच्या शंखाकृती भागात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या मेल्या की परत उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहणे ही कान थकल्याची खूण आहे. ती वारंवार येत असेल तर कानाचे बोळे वापरावेत, पेटीसमोरून बाजूला उभे राहावे आणि कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

पेटी उघडण्याआधी

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बाळगणे म्हणजे त्याची देखभाल करणे आलेच. बऱ्याच गोष्टी मालकाला स्वतः पाहता येतात. एखादी नळी टाचणी पडावी तसा आवाज देत असेल, तर पेन्सिलीच्या टोकाने हळूच टिचकी मारून पाहावे. स्पीकरमधून ठणठण ऐकू आली की नळी बदलायची वेळ झाली. मोठ्या नळीच्या आतली धातूची पट्टी लालबुंद दिसू लागली तर ताबडतोब बंद करावे. पहिल्या टप्प्यातल्या छोट्या नळ्या वर्षानुवर्षे टिकतात. मोठ्या नळ्या लवकर झिजतात आणि बहुतेक पेट्यांत त्या बदलल्यावर जाळीवरचा स्थिर दाब, म्हणजे बायस, पुन्हा जुळवावा लागतो. सतत घूं घूं येत असेल तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता असते. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा घालावा. वर तार गुंडाळून काम भागवण्याची आपल्याकडची सवय इथे ट्रान्सफॉर्मर जाळते. अमेरिकेतून आणलेली पेटी ११७ ते १२० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टवर ती ट्रान्सफॉर्मरशिवाय लावली की संपलीच.

स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर वाजवणे हाही मोठा धोका. नळ्यांची ताकद बाहेर जायला वाट मिळत नाही आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये घातक दाब तयार होतो. लिओ यांनी यावरही साधा उपाय केला होता. त्यांच्या पेट्यांत स्पीकरची पिन काढली की खोबणी आपोआप आतून जोडली जाते आणि ट्रान्सफॉर्मर वाचण्याची शक्यता वाढते. पिन निसटून मंचावर काय होते ते पाहिलेल्या माणसाची ही योजना होती.

मात्र पेटीचा पत्रा उघडणे जाणकाराचेच काम. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. हृदयातून काही दशांश सेकंद गेलेला अल्प प्रवाहही त्याची लय बिघडवू शकतो. घरातले गळती ओळखणारे उपकरण साधारण ३० मिलिअँपिअरला वीज तोडते ते याच भीतीने. पण कपॅसिटरमध्ये आधीच साठलेल्या विजेपुढे त्याचा उपयोग नसतो. जुन्या मेकॅनिकांचा एक हात खिशात ठेवण्याचा नियम म्हणूनच आहे, म्हणजे प्रवाहाला एका हातातून दुसऱ्या हातात, छातीमार्गे जायला वाट राहत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या मूळ अमेरिकी पेट्यांना दोन पिनांचा प्लग असे, जमिनीची जोडणी नसे. गिटारच्या तारेला हात आणि मायक्रोफोनला ओठ लागले की झटका बसल्याचे अनुभव त्या काळच्या अनेक वादकांना आले. अशी जुनी पेटी हाती आली तर तिला अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवून घेणे हे पहिले काम.

दुखणे आणि व्यवहार

हे सगळे घडवत असताना लिओ यांचे शरीर साथ देईनासे झाले होते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्यांना स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा सायनसचा संसर्ग झाला. पेनिसिलिन तोवर बाजारात आले होते, तरी असे जुनाट दुखणे सहज जात नाही. सायनस म्हणजे हाडांतल्या पोकळ्या; त्यांची तोंडे सुजेने बंद झाली की आतला स्राव साचतो आणि औषध तिथवर पुरेसे पोहोचत नाही. जिवाणू चिकट थर करून राहिले तर ते आणखी चिवट होतात. अर्धवट मात्रेने संसर्ग दबतो, मरत नाही आणि पुन्हा उसळतो. सततच्या संसर्गाने माणसाची उमेद खचते. लिओ दिवसरात्र कारखान्यात राबणारे. त्यांनाही काम नकोसे वाटू लागले. मुलेबाळे नव्हती. विक्रीची बाजू सांभाळणारे डॉन रँडल यांनी सीबीएसशी बोलणी केली आणि १९६५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

बरे झाल्यावर हाती पैसा होता, प्रकृती होती, फक्त स्वतःचे नाव उरले नव्हते. ‘फेंडर’ हे नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे होते. काही वर्षे ते सल्लागार म्हणून राहिले. सीबीएसच्या ताब्यात कारखान्याचे उत्पादन वाढले, पण दर्जा घसरल्याची कुरकुर वादकांत वाढत गेली. अखेर १९८५ मध्ये सीबीएसने ती कंपनी तिथल्याच अधिकाऱ्यांच्या गटाला १ कोटी २५ लाख डॉलरना विकली. वीस वर्षांपूर्वी दिलेल्या किमतीपेक्षाही कमी.

लिओ तोवर पुन्हा कामाला लागले होते. १९७० च्या दशकात जुन्या सहकाऱ्यांबरोबर ‘म्युझिक मॅन’ कंपनीत त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आणि गिटारी केल्या. या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पहिला टप्पा ट्रान्झिस्टरचा आणि शेवटचा नळ्यांचा होता. जुन्याच्या प्रेमात अडकून पडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने गेल्या. १९८० मध्ये त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. त्याच सुमारास जुने मित्र जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर त्यांनी ‘जी अँड एल’ ही तिसरी कंपनी सुरू केली. वय सत्तरीचे होते.

शेवटच्या काही वर्षांत त्यांना पार्किन्सनचा आजार जडला. मेंदूच्या खोल भागातल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, अनेकांच्या हाताला कंप सुटतो. ज्याचे आयुष्य बोटांच्या बारीक कामावर चालले त्याच्यासाठी याहून अवघड आजार शोधून सापडणार नाही. तरीही लिओ कारखान्यातल्या आपल्या खोलीत जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, गिटार वाजवता न येणाऱ्या माणसाचा.

व्हॉल्व्ह रेडिओतून गेले, टीव्हीतून गेले, संगणकातून तर केव्हाच गेले. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी मात्र रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधले कारखाने ते आजही बनवतात. साठ वर्षांपूर्वीचे कितीतरी ‘डिलक्स रिव्हर्ब’ अजून वाजत आहेत. त्यातला एखादा बंद पडतो तेव्हा मेकॅनिक मागची फळी काढतो. आत पिवळा पडलेला एक कागद चिकटवलेला असतो आणि कोणत्या खोबणीत कोणती नळी हे त्यावर अजूनही वाचता येते.